८२ सेकंदांचा पुरावा

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. वय १४, ताटापेक्षा मोबाइलकडे लक्ष जास्त. "मामा, हा बघ. १६ लढती, १६ विजय, सगळे नॉकआउट. पुढचा टायसन आहे हा!" क्लिपमधला पोरगा खरंच जबरदस्त मारत होता. मी एवढंच विचारलं, "आणि समोरचे १६ जण कोण होते रे?" श्रीखंडात खडा निघावा तसा त्याचा चेहरा झाला.

त्याला तेव्हा जेवणाच्या घाईत सांगता आलं नाही, ते आज इथे सांगतो. गोष्ट डेव्हिड प्राइसची.

प्राइस लिव्हरपूलचा. उंची ६ फूट ८ इंच, उजवा हात हातोड्यासारखा. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. त्याच वर्षी हौशी लढतीत त्याने टायसन फ्युरी नावाच्या एका पोराला २२-८ असं हरवलं. हो, तोच फ्युरी, जो पुढे जगज्जेता झाला. मग २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य. आपल्या विजेंदर सिंगचं कांस्यही त्याच बीजिंगचं. २००९ मध्ये प्राइस व्यावसायिक झाला आणि मे २०१२ पर्यंत ब्रिटिश व राष्ट्रकुल किताब त्याच्या कमरेला होते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये समोर आला ऑड्ली हॅरिसन. दहा-बारा वर्षांपूर्वी इंग्लंडची मोठी आशा म्हणजे हाच. सिडनीत सुवर्ण जिंकल्यावर बीबीसीने त्याच्या पहिल्या दहा लढती दाखवण्यासाठी सुमारे १० लाख पौंड मोजले होते. पुढे गाडी अडखळत गेली आणि २०१० मध्ये डेव्हिड हेविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तर त्याचा एकच ठोसा लागल्याची नोंद झाली. या जुन्या आशेला नव्या आशेने ८२ सेकंदांत आडवं केलं. झालं! इंग्लंडला पुढचा लेनॉक्स लुइस सापडला.

आता त्या '१६ जणांकडे' येऊ. बॉक्सिंगमध्ये नवोदिताचा प्रतिस्पर्धी त्याचे व्यवस्थापक निवडतात. कोण किती फेऱ्या टिकेल, कोण जोरात मारणार नाही, हे बघूनच. हरणं हाच ज्यांचा धंदा, असे लोक या खेळात असतात आणि ते कष्टाचं काम आहे. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० लढती खेळला, त्यातल्या २५६ हरला आणि २००८ मध्ये शेवटची जिंकून घरी गेला. मला हा माणूस फार आवडतो. कित्येक 'भावी जगज्जेत्यां'ची आकडेवारी अशा लोकांच्या पाठीवर उभी असते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं, कारण टेस्टचा डेटा आपणच बनवलेला असतो.

प्राइसची खरी परीक्षा २३ फेब्रुवारी २०१३ ला झाली, तीही घरच्या मैदानावर. समोर ४१ वर्षांचा अमेरिकन टोनी थॉम्पसन. व्लादिमिर क्लिट्श्कोकडून दोनदा हरलेला, पोट सुटलेला. दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा ठोसा कानामागे बसला आणि प्राइस कोसळला. उठला, पण पाय त्याचे नव्हते. जुलैत पुन्हा लढत. या वेळी दुसऱ्या फेरीत प्राइसने थॉम्पसनला खाली पाडलं. म्हातारा उठला आणि पाचव्या फेरीत त्याने काम पूर्ण केलं.

खरं तर खूण आधीच होती. बीजिंगच्या उपांत्य फेरीत इटलीच्या कामारेलेने प्राइसला मारलं, तेव्हाही पंचांना लढत थांबवावी लागली होती. पदक सगळ्यांनी पाहिलं, हरला कसा ते कोणी फारसं पाहिलं नाही.

पण थांबा, इथे मलाच एक गोष्ट छळते. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर. तोही २००८ चा कांस्यविजेता. त्यानेही एप्रिल २०१३ मध्ये त्याच हॅरिसनला ७० सेकंदांत झोपवलं. त्याचेही ३२ पैकी ३२ नॉकआउट आणि त्यातले बरेचसे असेच निवडक गडी. त्याच्यावरही लोक हसत होते. तो मात्र जानेवारी २०१५ मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे २०१२ च्या कागदावर प्राइस आणि वाइल्डर जवळपास सारखेच होते. जोरात लागल्यावर माणूस काय करतो, हा रकाना त्या कागदावर नव्हताच.

विजेंदरचं बघा ना. तोही व्यावसायिक झाल्यावर १२ लढती अजिंक्य होता. १९ मार्च २०२१ ला आपल्या पणजीत, कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या अर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत तो आकडा संपवला.

प्राइसच्या बाबतीत एक अन्यायही नोंदवायला हवा. दुसऱ्या लढतीनंतर थॉम्पसन उत्तेजक चाचणीत दोषी ठरला. २०१५ मध्ये युरोपियन किताबासाठी त्याला पाडणारा एर्कान टेपरही तसाच सापडला. लोकांनी तोवर 'काचेची हनुवटी' म्हणून निकाल देऊन टाकला होता. पॉवेत्किनकडूनही तो पडला. २०१९ मध्ये कॅश अलीने तर त्याच्या पोटाला चावा घेतला आणि बाद झाला! त्याच जुलैत लंडनमध्ये, ३६ व्या वर्षी, सगळ्यांनी मोडीत काढलेल्या प्राइसने डेव्ह ॲलनला दहा फेऱ्या असं झोडपलं की ॲलनच्या कोपऱ्यातून माघार आली. ती लढत मी दोनदा पाहिली आहे. ८२ सेकंदांवाली एकदाच.

हे लिहीत असताना भाच्याचा मेसेज आला. त्याने १६ जणांची यादी शोधून काढली आहे. "मामा, यातले बरेच जण आधीच पाच-सहा वेळा हरलेत," असं लिहिलंय. आणि खाली लगेच, "पण याचा पंच खरंच भारी आहे ना?"

भारी आहे. सतरावा कोण, ते बघून सांग म्हटलंय.