गांधीलमाशी आणि आपलं शौर्य

परवा शेजारच्या काकांनी पडवीच्या वाशाला लागलेलं गांधीलमाश्यांचं पोळं पलित्याने जाळलं. शिडी मीच धरली होती, म्हणून बोलतोय. लाकूड चावून बनवलेला कागदच तो, भुर्रकन पेटला. सोबत वासाही. काकांना ७ डंख! मधमाशी माणसाला एकदा डसून मरते, ही पुन्हा पुन्हा डसते. याला शौर्य म्हणायचं?

हीच माशी पिलांसाठी आपल्या झाडांवरच्या अळ्या उचलून नेते. अडचणीचं नसेल तर राहू द्या की पोळं! दारावरच असेल तर जाणकाराला बोलवा. डंखानंतर धाप लागली, जीभ सुजली तर चुना लावत बसू नका, थेट १०८ फिरवा.

असो. काका बरे आहेत. पलिता मात्र जपून ठेवलाय!