कॉफीतली चिकोरी, कुंडीतली कासनी

कॉफीची पुडी आणली की किंमत आपण सगळ्याच पाहतो, पण तिच्यावरची बारीक अक्षरं किती जणी वाचतात? ‘कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के’ असं काहीतरी तिथे छापलेलं असतं. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण छापायलाच हवं, असा नियम आहे. सुट्या पुडीची परीक्षा घरीच करावी. पेलाभर गार पाण्यावर चिमूटभर पूड टाका. कॉफी बराच वेळ तरंगते; चिकोरी तपकिरी रंगाची रेघ सोडत खाली बसते. मुलांनाही दाखवा, गंमत वाटेल.

चिकोरी म्हणजे भेसळ, असा मात्र समज नको. हे एक झाड आहे, शेवंतीच्या कुळातलं, निळ्या फुलांचं. त्याचं मूळ भाजून दळलं की झाली चिकोरी. १८०६ साली नेपोलियननं इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, फ्रान्समध्ये कॉफी मिळेना, तेव्हा या मुळाला घरोघर मान आला. आपल्याकडे गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा-कासगंज भागात त्याची शेती होते. युनानी वैद्यकात हीच ‘कासनी’.

कुंडीत लावायची तर दिवाळीच्या सुमारास लावा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं बी कधीकधी जुनं असतं. म्हणून आधी थोडं बी मटकीसारखं ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का ते पाहावं. मूळ खोल जातं, तेव्हा कुंडी निदान फूटभर खोल हवी. माती भुसभुशीत, पाणी न साचणारी. बी वरवरच पेरा, आठ-दहा दिवसांत उगवेल. रोपं वीतभर अंतरावर ठेवून बाकीची उपटा. दीड महिन्यानं बाहेरची कोवळी पानं खुडायला हरकत नाही. मुळं चार-पाच महिन्यांनी काढावीत.

पानं कडू, मेथीपेक्षाही अंमळ जास्तच! मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून पिळून घ्या. मग लसणीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ आणि गुळाचा खडा घालून भाजी करा. भाकरीशी छान लागते.

मुळं स्वच्छ धुवा, चकत्या करून कडकडीत वाळवा. लोखंडी कढईत मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजा, करपू देऊ नका, आणि मिक्सरमधून काढा. चार चमचे कॉफीला एक चमचा पुरे. नुसत्या चिकोरीत कॅफीन मुळीच नसतं. त्यामुळे रात्री झोप न येणाऱ्या सासूबाईंना किंवा डॉक्टरांनी कॉफी बंद केलेल्या घरच्यांना कपाला चमचाभर पूड उकळून, दूध घालून द्यावी. मुळात इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो, पोट साफ व्हायला त्याची मदत होते. मात्र अती झालं तर पोट फुगतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. यजमानांना कावीळ झाली आहे, शेजारणीनं कासनीचा काढा सुचवला आहे, डॉक्टरांकडे नंतर गेलं तर चालेल का, असं एका भगिनीनं विचारलं आहे. ताई, मुळीच थांबू नका! युनानीत यकृतासाठी कासनी देतात हे खरं. पण कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे विषाणू असेल, पित्ताचा खडा असेल, आणखीही काही असेल. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. बरेचदा कावीळ आपोआप उतरते आणि श्रेय काढ्याला मिळतं. पण जिथे उतरत नाही, तिथे हातचे चार दिवस गेलेले असतात. आजच तपासणी करून घ्या, आणि काढा द्यायचा की नाही हेही डॉक्टरांनाच विचारा.

गरोदर बायकांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि शेवंती-झेंडूची अॅलर्जी असणाऱ्यांनीही औषध म्हणून कासनी आपल्या मनानं घेऊ नये. बाकीच्यांनी भाजी खावी, कॉफी प्यावी. आणि हो, एखादं रोप न उपटता तसंच राहू द्या. पुढे निळी फुलं आली, तर बाल्कनीला शोभा येईल!