संगणकाची कीड आणि घरचेच औषध



द्राक्षबागा पाहण्यासाठी नुकताच एका गावी गेलो होतो. बागेत पाऊल टाकण्याआधीच बागेच्या मालकांनी, म्हणजे आबांनी, मला घरात बोलावले. ओसरीवर टेबल, त्यावर संगणक आणि समोर डोळे पुसत बसलेली सूनबाई. तीन वर्षांच्या फवारण्यांची नोंद, मजुरीचा हिशेब, औषधांची बिले, सारे तिनेच संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलेले. निर्यातीच्या मालाला फवारणीची नोंद किती मोलाची असते, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

आदल्या दिवशी काही कागद छापून आणायला तो पेन ड्राइव्ह तालुक्याच्या एका दुकानात गेला होता. घरी येऊन संगणकाला जोडला तो प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर लहानसा बाण दिसू लागला आणि आतले काहीच उघडेना. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितले, "सगळे पुसून नव्याने भरावे लागेल. दीड हजार होतील." आबा मला म्हणाले, "साहेब, वहीला कधी रोग लागला नव्हता!" सूनबाई खाली मान घालून बसली होती.

त्या नोंदी गेलेल्या नव्हत्या. त्या कशा परत मिळाल्या ते पुढे सांगतो. पण आज पुष्कळ शेतकरी घरांत संगणक आला आहे. तेव्हा त्याची कीड कोणती आणि पदरचा पैसा न घालवता तिचा बंदोबस्त कसा करावा, हे आज पाहू.

कीड ओळखा

व्हायरस म्हणजे कोणीतरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम. करप्याचे बीजाणू एका पानावरून दुसऱ्यावर जावेत तसा तो एका संगणकातून दुसऱ्यात जातो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसी प्रकारच्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस मानतात. तो फ्लॉपीवरून हातोहात देशोदेशी गेला. फ्लॉपी गेली, तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली, पण प्रसाराची रीत तीच राहिली.

दुसरी कीड म्हणजे स्पायवेअर, अर्थात हेर. ही हुमणीसारखी असते. वरून पीक हिरवेगार दिसते आणि खाली मूळ कुरतडले जात असते. संगणक नेहमीसारखा चालतो आणि आपण दाबलेली अक्षरे, बँकेचा पासवर्ड, कागदपत्रे गुपचूप परक्याकडे जातात. तिसरी खंडणीची कीड, रॅन्समवेअर. ती आपल्याच फाईलींना परके कुलूप घालते आणि किल्लीसाठी पैसे मागते.

औषध घरातच आहे

विंडोज १० व ११ या दोन्हींत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हे संरक्षण आधीपासूनच असते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. स्टार्टचे बटण दाबून 'विंडोज सिक्युरिटी' उघडावे आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या भागात जावे. तेथील सेटिंग्जमध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे ना, ते पाहावे. त्याच पानावर 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते. म्हणजे ज्या जागा तपासायच्या नाहीत त्यांची यादी. आपण स्वतः काही घातले नसेल तर ही यादी रिकामी हवी. चोरटे प्रोग्राम येथेच आपले नाव घालून राखणदाराला गप्प करतात.

आबांच्या घरी हेच निघाले. राखणदार बंद होता. दहावीतल्या नातवाने कोठूनसा फुकटचा खेळ उतरवला होता आणि सोबतच्या सूचनेत लिहिले होते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' पोराने केला. कुंपण आधीच उघडे होते, पेन ड्राइव्हमधली कीड फक्त आत शिरली. दोष सुनेचा नव्हता. मी हे आबांना सर्वांसमोर सांगितले.

मग राखणदार चालू केला आणि इंटरनेट जोडून डिफेंडरची माहिती ताजी करून घेतली. 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'फुल स्कॅन' लावला. याला काही तास लागतात. तेवढ्यात आम्ही बाग पाहून आलो. त्यानंतर 'ऑफलाइन स्कॅन' केला. यात संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधीच तपासणी होते. लपून बसलेली कीड यात सापडते. साधारण पंधरा मिनिटांचे काम, मात्र हातातले लिखाण आधी जतन करावे.

संगणक स्वच्छ झाल्यावरच पेन ड्राइव्ह जोडला. हा क्रम चुकवू नये. त्यातले काहीही न उघडता 'कस्टम स्कॅन'ने तो तपासला. ही कीड मूळ फोल्डर पुसत नाही, लपवते. त्यांच्या जागी बाण असलेली खोटी खूण ठेवते. त्या खुणेवर टिचकी मारली की कीड संगणकात उतरते. तेव्हा 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगितले. तेवढ्याने दिसेनात म्हणून फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' या ओळीची खूण तात्पुरती काढली. तीन वर्षांच्या नोंदी जशाच्या तशा समोर आल्या. सूनबाईने आपले कागद तेवढे संगणकावर उतरवून घेतले. बाणवाली एकही खूण घेतली नाही. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि काढलेली खूण पुन्हा पहिल्यासारखी लावली.

अपडेट म्हणजे वेळेवरची फवारणी

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीची कीड सुमारे १५० देशांत पसरली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामही अडले. विशेष हे की ज्या भगदाडातून ती शिरली ते बुजवणारे अपडेट कंपनीने मार्च २०१७ मध्येच मोफत दिले होते. ज्यांनी ते घेतले त्यांचे भगदाड बुजले होते. आपण मात्र "नंतर बघू" म्हणून अपडेट पुढे ढकलतो. रोग दिसल्यावरची फवारणी आणि आधीची फवारणी यांतला फरक आपल्यासारख्यांना तरी सांगावा लागू नये.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी 'विंडोज अपडेट'च्या पानावर आपला संगणक विंडोज ११ ला चालतो का, ते पाहावे. चालत असेल तर तो बदल मोफत आहे. चालत नसेल तर 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'ची सोय तेथे दिसते का, ते पाहावे. फार जुन्या संगणकावर 'लिनक्स मिंट' ही मोफत प्रणाली घालता येते. मात्र तसे करताना जुने सारे पुसले जाऊ शकते. म्हणून आधी कागदपत्रांची प्रत बाजूला काढावी आणि जाणकाराला सोबत घ्यावे.

काय करावे, काय टाळावे

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. न जुळणारी दोन औषधे एकाच पंपात कालवण्यासारखे ते आहे. संगणकासोबत आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली असेल आणि नूतनीकरण करायचे नसेल तर तो रीतसर काढून टाकावा, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. विकतचे औषध वाईट असे मी म्हणत नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकटे बंधू संजय यांच्यासह 'क्विक हील' उभे केले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण ऐपत नाही म्हणून संगणक उघडा टाकण्याचे कारण नाही, एवढेच माझे सांगणे.

दुसऱ्या वैद्याचे मत घ्यायचे असेल तर मायक्रोसॉफ्टचाच 'सेफ्टी स्कॅनर' मोफत मिळतो. त्याची मुदत उतरवल्यापासून दहा दिवस, पुढच्या वेळी नवा घ्यावा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. तेथेही संगणक साफ करण्याची साधने मोफत मिळतात.

'क्रॅक', 'ॲक्टिव्हेटर' अशा चोरट्या प्रती घेऊ नयेत. उघड्या पोत्यातले, लेबल नसलेले बियाणे आपण पेरतो का? प्रोग्राम तो बनवणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावा. मुलांसाठी 'स्टँडर्ड' प्रकारचे वेगळे खाते उघडून द्यावे, म्हणजे नवीन प्रोग्राम घालताना बहुतेक वेळा मोठ्यांचा पासवर्ड लागतो. कोठाराची किल्ली घरच्या मोठ्यांच्या कनवटीला असावी, तसे हे.

पडद्यावर अचानक "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असे आले तर फोन करू नये. ते पान बंद करावे. सांगणाऱ्याच्या शब्दावर आपला संगणक दुरून चालवू देणारे ॲप कधीही घालू नये. मोबाईलवर 'पीएम किसान'च्या नावाने एपीके फाईल आली तर तीही उघडू नये. योजनेचा हप्ता अशा फाईलीतून येत नसतो.

महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतली एक संगणकाला न जोडता कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेल्या प्रतीलाही खंडणीची कीड कुलूप घालते. दुकानात छापायला जाताना सारा पेन ड्राइव्ह नेऊ नये, लागेल तेवढीच फाईल दुसऱ्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर न्यावी.

हेर शिरल्याचा संशय आला तर बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. खात्यातून पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

निघताना आबांनी विचारले, "मग आता संगणक विकायचा नाही ना?" सूनबाईच म्हणाली, "नाही आबा, पण नोंदींची एक प्रत आता तुमच्या कपाटात राहील." नातवाने तो खेळ माझ्यादेखत काढून टाकला. दीड हजार रुपये वाचले. आबा म्हणाले, त्यातून एक नवा पेन ड्राइव्ह घेऊ, उरलेले फवारणीला होतील.

या रविवारी जेवणे झाल्यावर घरच्या मुलामुलींना जवळ बसवून आपलाही संगणक एकदा तपासून घ्या. कळावे.