बिस्किटांच्या कारखान्यातलं कॉलेज



सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, "मुलगा-सून न्यूयॉर्कला गेलीत. सून बी.कॉम. आहे. घरी बसून कंटाळते, म्हणून तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालायचं म्हणते. आमच्या नात्यातल्या एकजणी म्हणाल्या, ज्यांना कुठं प्रवेश मिळत नाही त्यांचं ते कॉलेज. तुम्ही तिथंच राहता, तर खरं काय ते लिहा."

लिहिते. त्या निमित्तानं माझ्याही मनात बरेच दिवस घोळत असलेलं एक सांगून टाकते.

त्या नातेवाईक बाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का! कम्युनिटी कॉलेजात मार्कांची चाळणी लावत नाहीत. शाळा पुरी केली की दार उघडं. दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी घ्यायची, मग नोकरी धरायची किंवा चार वर्षांच्या कॉलेजात पुढल्या वर्गात जायचं. फीही इतर कॉलेजांच्या मानानं कमी. मग तिथं येणार कोण? कष्टकऱ्यांची मुलं, दुसऱ्या देशातून आलेली माणसं, आणि हो, पोराबाळांच्या आया!

आमच्या क्वीन्स भागातलं ला गार्डिया कम्युनिटी कॉलेज हे असंच. सात नंबरच्या गाडीनं तिथं जायचं. ही गाडी घरांच्या डोक्यावरून पुलावरनं धावते. डब्यात एका बाकावर चिनी आजीबाई, शेजारी स्पॅनिश बोलणारा गवंडी, आमच्या जॅक्सन हाइट्सला चढलेली बंगाली आणि नेपाळी मंडळी, पुढं वुडसाइडला फिलिपिनो परिचारिका. ही गाडी रिकामी करून बाकांवर बसवली, की झाला त्या कॉलेजातला वर्ग.

कॉलेज सुरू झालं १९७१ साली, कारखान्यांच्या वस्तीत. पहिली इमारतही कारखान्याचीच. पुढं आणखी एक मोठी इमारत मिळाली, तिथं पूर्वी सनशाइन बिस्किटं भाजत. खिडक्या इतक्या, की लोक तिला 'हजार खिडक्यांची बेकरी' म्हणत. ज्यांच्या नावाचं हे कॉलेज ते फिओरेल्लो ला गार्डिया १९३४ ते १९४५ या काळात न्यूयॉर्कचे महापौर होते. वडील इटलीहून आलेले. तरुणपणी हे गृहस्थ एलिस बेटावर, बोटीनं उतरणाऱ्या परदेशी माणसांसाठी दुभाष्याची नोकरी करायचे आणि संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जायचे. म्हणजे नाव अगदी शोभेसंच दिलं म्हणायचं.

आता माझ्या मनातलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक नेपाळी बाई राहते. मला 'दीदी' म्हणते. नवरा टॅक्सी चालवतो, मुलगी सहा वर्षांची. शुक्रवार, शनिवार, रविवार ही बाई नखं रंगवायच्या दुकानात दिवसभर मान खाली घालून लोकांची नखं घासते. तिला हिशेबनिसाचं शिकायचंय. म्हणून सोमवार ते गुरुवार कॉलेज.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी कोथिंबीर मागायला आली आणि दारातच म्हणाली, "दीदी, गणित सोडतेय." मला वाटलं, जमत नसेल. तसं नव्हतं. बुधवारी मुलीची शाळा तीनला सुटायची आणि हिचा गणिताचा तास पाचला संपायचा. मधले दोन तास तिची एक मावशी सांभाळायची, ती बोस्टनला लेकीकडे गेली. झालं! गणित नाही म्हणजे हिशेबाचा पुढचा विषय नाही, तो नाही म्हणजे पदवी नाही. दोन तासांवर अख्खी पदवी येऊन अडली होती.

ती सोडायचा अर्ज घेऊन कॉलेजातल्या सल्लागार बाईंकडे गेली. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या इमारतीत ओळखीचं कोण आहे?" त्या प्रश्नानं तिला माझी आठवण झाली. कोथिंबीर हे निमित्त होतं!

दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या निळ्या कार्डावर माझं नाव चढलं, आणि बुधवारी तीनला मी फाटकाशी उभी राहू लागले. मी मराठी शाळेत शिकवते ती रविवारी. बुधवार मला मोकळाच. पोरगी घरी येऊन थालीपीठ खाते, चित्रं काढते, झोपते. मला त्यात कष्ट कसले?

पण प्रश्न विचारणाऱ्या त्या सल्लागार बाई आल्या कुठून, हे ऐकण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत शंभराहून अधिक वर्षं पात्र मुलांना फी नव्हती. शहर कर्जात बुडालं तेव्हा, १९७६ मध्ये, ती लागू झाली. गरजूंना फीसाठी सरकारी मदत मिळते. तरीही कम्युनिटी कॉलेजात नाव घालणारे पुष्कळ आणि पदवी घेऊन बाहेर पडणारे थोडे, असंच चालायचं. तेव्हा २००७ साली युनिव्हर्सिटीनं 'एसॅप' नावाची योजना काढली. अट एकच मोठी, पूर्ण वेळ शिकायचं. बदल्यात मदतीतून उरलेली फी माफ, गाडी-बसचा पास, पुस्तकांचा खर्च, आणि प्रत्येकाला एक ठरलेला सल्लागार, ज्याला वरचेवर भेटायचंच.

मग २०१० साली तीन कॉलेजांतले, ला गार्डियाही त्यात होतं, ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्नाच्या घरचे, सगळ्यांचा गणिताचा किंवा इंग्रजीचा पाया कच्चा. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला योजना दिली, दुसऱ्याला नेहमीची वागणूक. तीन वर्षांनी पाहिलं, तर नेहमीच्या गटात शंभरातले २२ पदवीधर झाले आणि योजनेतले ४०. माणशी खर्च जास्त आला खरा. पण एकेका पदवीमागे किती पडला हा हिशेब मांडला, तर तो उलट कमी भरला!

आपल्याला हे नवल वाटायचं कारण नाही. डब्यात पीठ-मीठ-तेल सगळं भरलेलं असतं आणि काडेपेटी सादळलेली म्हणून चूल पेटत नाही, हे आपण जाणतो. गरिबाघरचं शिक्षण पुष्कळदा डोकं नाही म्हणून थांबत नाही. पासाचे पैसे, एखादं महागडं पुस्तक, पोराला सांभाळायचे दोन तास, एवढ्यावर थांबतं. आणि एवढीशी गोष्ट कुणाला सांगायची, म्हणून माणूस गप्प बसतं.

मी गप्प बसले होते. बी.ए. झाल्यावर पुण्यात एम.ए.ला नाव घातलं होतं. थोरली चार महिन्यांची होती आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवसांतच सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तारीख टळली. घरात कुणी "शिकू नकोस" म्हटलं नाही, "फॉर्म भरलास का?" असंही नाही. पण मी तरी कुणाला सांगितलं? शेजारच्या काकू सकाळभर मोकळ्या असायच्या, एखादा तास आनंदानं बसल्या असत्या. मी विचारलंच नाही. वर्षानुवर्षं मी सांगत आले, "संसारामुळं एम.ए. राहिलं." संसारामुळं नव्हे हो, एका सकाळीमुळं राहिलं.

तेव्हा सांगलीच्या ताई, सूनबाईंना खुशाल जाऊ द्या. ते कॉलेज कमी दर्जाचं नाही. ज्यांच्या वाटेत जास्त दगड आहेत त्यांचं आहे. तिकडं पाठवायच्या आधी एवढं मात्र करा. तिच्या युनिव्हर्सिटीतून गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मागवून ठेवा, इथून धावपळ करणं फार जड जातं. आपल्याकडचे कोणते विषय धरतील ते कॉलेजला आधी विचारा, म्हणजे तेच पुन्हा शिकावं लागणार नाही. फी तिथल्या वास्तव्यावर ठरते, तिचा आकडा लेखी घ्या. आणि फोनवर "जेवलीस का?" विचारता, तसंच "या आठवड्यात कशावर अडलंय?" हेही विचारत जा.

हा प्रश्न सांगलीतही चालतो बरं! तुमच्याकडे धुणंभांडी करणारीची मुलगी बारावीला असेल, तर तिला नुसतं "खूप शीक" म्हणू नका. काय अडलंय ते विचारा. कदाचित उत्तर आपल्या आवाक्यातलं निघेल.

वरच्या मजल्यावरचीला गणितात 'सी प्लस' मिळाला. पेढे नव्हते, म्हणून तिनं मोमो आणले. अजून दोन सत्रं बाकी आहेत. पुढच्या वेळी तास मंगळवारी आला तर काय, असं ती परवा भीतभीत विचारत होती. म्हटलं, "तर मंगळवार."

आज बुधवार. पावणेतीन झाले, फाटकाशी जायला हवं. थालीपिठाची भाजणी संपत आलीय, तेव्हा पुढच्या आठवड्यात इथल्या डाळी-धान्यांतून भाजणी कशी जमवायची ते सांगते.