शाळा बदलायची, पण कोणत्या इयत्तेत?

एप्रिल-मेमध्ये या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. ‘मुलीला जवळच्या छोट्या खासगी शाळेत घालायचंय. आत्ता तिसरीतच घालू, की चौथी होऊ दे?’ फी, रिक्षा, माध्यम यांची चौकशी करून झालेली असते. घोडं अडतं ते इयत्तेपाशी.

छोटी शाळा आवडते, कारण वर्गात पंधरा-वीसच मुलं असतात. बाई प्रत्येकाला ओळखतात, वह्या खरोखर तपासल्या जातात. पण मध्येच येणाऱ्या मुलाला हेच जड जातं. साठ जणांच्या वर्गात नवं मूल कुठल्या ना कुठल्या घोळक्यात सामावतं. पंधरा जणांच्या जोड्या मात्र बालवाडीपासून जमलेल्या असतात. म्हणून माझं मत असं, की लहान शाळेत मूल त्या वर्षी घालावं, ज्या वर्षी तिथे आणखीही नवी मुलं येतात.

आपल्याकडे अशी वर्षं मुख्यतः दोन, पहिली आणि पाचवी. शिक्षणहक्क कायद्याखालच्या (२००९) खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच भरल्या जातात. पात्र कुटुंबाने ती वेळ दवडली, तर तिसरीत पूर्ण फी भरावी लागते.

पाचवीचं कारण वेगळं. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीलाच संपतात, त्यामुळे अख्खा वर्गच नवी शाळा शोधत असतो. शिवाय तोवर बहुतेक मुलं मराठी सलग वाचून अर्थ सांगू लागतात. त्याआधी शाळा आणि माध्यम एकदम बदललं, तर दोन्ही भाषा कच्च्या राहण्याची भीती असते. नववीत तर बदल नकोच. दहावी डोक्यावर असते.

याला अपवाद आहे. मूल शाळेला घाबरत असेल, मार खात असेल किंवा वाचता येत नसूनही कोणी दखल घेत नसेल, तर जूनची वाट पाहू नका. दिवाळीनंतरही हलवा. आणि सहा ते चौदा वयाच्या मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला कायद्याने बंदी आहे, हे नव्या शाळेला ठणकावून सांगा.

एरवी मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा. शाळेला मान्यता आणि यूडायस क्रमांक आहे का? शाळा कितवीपर्यंत आहे? सातवीला संपणाऱ्या शाळेत पाचवीत घातलेलं मूल तीन वर्षांत पुन्हा दाखला मागायला उभं राहतं. आणि यंदा या वर्गात नवी मुलं किती? ‘तुमचं एकटंच’ असं उत्तर आलं आणि सध्याच्या शाळेत मूल बरं रुळलेलं असेल, तर खुशाल थांबा. शेजाऱ्यांच्या मुलाने शाळा बदलली, हे घाई करायला पुरेसं कारण नाही.