श्रावणबाळ कोणाचा?

परवा गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर काकांशी आमचा नेहमीचा वाद रंगला. काका परंपरा मानणारे, मी उदारमतवादी (काकांच्या भाषेत 'पुस्तकी'). त्यांचं म्हणणं साधं आहे. ज्याने त्याने आपलं घर आणि शेजार सांभाळला की समाज आपोआप सांभाळला जातो, त्यात सरकारने लुडबूड करू नये. मी म्हणतो, ज्याला घर सांभाळत नाही त्याचं काय?

या वेळी निमित्त होतं शेजारच्या आजींचं. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा मोंढ्यात हमाली करतो, त्याची स्वतःचीच तीन पोरं. महाराष्ट्र सरकारची श्रावणबाळ योजना आहे, ६५ वर्षांवरच्या निराधारांना दरमहा पैसे देणारी. २०२३ साली ती रक्कम १,५०० रुपये झाली. पण त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०! हमालाची कमाईसुद्धा त्याच्या वर जाते. आजींचा अर्ज तिथेच अडला. गंमत बघा, योजनेला नाव श्रावणबाळाचं, आणि खरा मुलगा घरात आहे म्हणून सरकारी श्रावणबाळ दारातूनच परत!

मग त्यांनी मुलाकडे मागावं का? तसा कायदाही आहे. २००७ साली केंद्राने केलेल्या कायद्याप्रमाणे मुलं सांभाळत नसतील तर आईवडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, वकीलही लागत नाही. मला वाटलं, हा कायदा काकांना आवडेल. तर ते उखडलेच. "आईने पोराला कचेरीत उभं करायचं? कर्तव्य काय हुकूम काढून होतं?" मलाही तो कायदा अपुरा वाटतो, पण वेगळ्या कारणाने. ज्याच्याकडे द्यायलाच काही नाही त्याच्याविरुद्ध हुकूम घेऊन आजी काय करणार?

काकांनी मात्र त्यांच्यापुरता प्रश्न सोडवलाय. दर महिन्याला ते आजींना ज्वारी देतात. गाजावाजा नाही की उपकाराची भाषा नाही. मी याच विषयावर इतकं बोलतो, पण आजींना काय दिलं? काही नाही. हे कबूल केलंच पाहिजे.

तरीही एक गोष्ट खटकली. ज्वारी न्यायला आलेल्या आजी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहतात, मान खाली घालून. काकांना मी विचारलं, "तुम्ही निवृत्त शिक्षक. तुमची पेन्शन घ्यायला जाताना तुम्ही अशी मान खाली घालता का?"

"ती मी नोकरी करून मिळवली."

"आणि त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या रानात खुरपणी केली, ते काय होतं?"

काका बोलले नाहीत.

मला वाटतं, आमच्यातला खरा फरक इथे आहे. काकांना जबाबदारी माणसाने माणसासाठी घ्यायची वाटते, आणि त्यात माया आहे हे खरंच. पण काकांच्या वयात उद्या काही झालं तर ती ज्वारी थांबेल, आणि आजींना कोणाला जाबही विचारता येणार नाही. हक्काचे १,५०० रुपये थोडेच आहेत, त्यात माया तर नाहीच. पण ते घेताना कोणाची मर्जी राखावी लागत नाही. उलट घरातल्या मायेला थोडी मोकळी जागा मिळते. आजींच्या कनवटीला चार पैसे असते तर नातवाला खाऊ त्यांनीच दिला असता, आणि मुलालाही आईचं ओझं वाटलं नसतं. म्हणून मी म्हणतो, ती उत्पन्नाची अट बदलायला हवी. मुलगा आहे म्हणजे आधार आहेच, हे सरकारने गृहीत धरू नये.

असो. सकाळी आजी आल्या तेव्हा मी एसटी चुकेल म्हणून चपला शोधत होतो. ज्वारी काकांनीच मोजून दिली. वादात मी जिंकलो असेन, पण त्या सकाळी त्याचा आजींना काही उपयोग नव्हता.

तुम्हाला काय वाटतं?