फावल्या वेळी : कानात आईची चकली

मैत्रिणींनो, खाऊचे दागिने आपल्याला काही नवे नाहीत. संक्रांतीला नव्या सुनेला नि तान्ह्या बाळाला हलव्याचे दागिने घालायची आपली जुनीच रीत. पण चार दिवसांत ते मुंग्यांच्या वाटेला जातात! आज आपण टिकणारा खाऊ करू या. कानात घालायची चकली!

त्यासाठी पॉलिमर क्ले लागते. नाव क्ले असलं तरी ही माती नव्हे बरं का. पीव्हीसी प्लॅस्टिक आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य यांचं हे मिश्रण. हवेवर वाळत नाही, भाजल्यावरच कडक होतं.

साहित्य : पिवळी, तपकिरी व पांढरी क्ले, गुळगुळीत टाइल, काचेची बाटली, सुई, जुना टूथब्रश, तपकिरी पेस्टल खडू, कानातले हूक व जरा मोठ्या कड्या. घरातलं पोळपाट-लाटणं मुळीच घेऊ नका. या कामाला वापरलेली वस्तू पुन्हा स्वैपाकाला नको.

कृती : पिवळ्या क्लेत थोडी पांढरी नि चिमूटभर तपकिरी घालून पाचेक मिनिटं मळा. अर्ध्या गोळ्याची बाटलीने 2 मिलिमीटर जाडीची पोळी लाटून 2 सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापा. उरलेल्याच्या 3 मिलिमीटर जाडीच्या, 10 सेंटिमीटर लांबीच्या दोन वळ्या करा. वळीवर सुईने लांबट रेघा ओढा, कडेने काटे उचला आणि ती चकतीवर गोल गुंडाळून हलकेच दाबा. खालच्या चकतीमुळे वेढे सुटत नाहीत. वरून टूथब्रशने टिपलं की खरपूस खडबडीतपणा येतो. खडूची पूड काट्यांना लावली की चकली तळल्यासारखी दिसते! बाहेरच्या दोन वेढ्यांच्या मधोमध आरपार भोक आत्ताच पाडा.

आता टाइलवर साधा कागद ठेवून ओव्हनमध्ये भाजा. बहुतेक क्लेंना 110 ते 130 अंश सेल्सिअस नि अर्धा तास पुरतो, तरी पाकिटावर लिहिलं असेल तेच खरं. मायक्रोवेव्ह चालत नाही. उष्णता जास्त झाली तर क्ले जळून घशाला झोंबणारा अपायकारक धूर निघतो. तसं झालं तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडा नि खोलीबाहेर जा. पूर्ण गार झाल्यावरच कडी आणि हूक अडकवा.

आमच्या घरी दिवाळीत मोडक्या चकल्यांचा डबा वेगळा असे. अख्ख्या पाहुण्यांना, मोडक्या आईला. आई गेल्यावर मी पहिला जोड केला, तेव्हा एका चकलीचं शेपूट मुद्दाम मोडकं ठेवलं आणि जोड धाकट्या बहिणीला दिला. तिने तो उलटसुलट पाहिला, मोडक्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, ही आईची." पुढे कितीतरी वेळ दोघी काही बोललो नाही.

तेवढ्यात तिच्या दीड वर्षाच्या नातवाने दुसरी चकली उचलून तोंडाशी नेली! नशीब, वेळेवर लक्ष गेलं. म्हणून सांगते, हे दागिने खाऊसारखे दिसतात हीच त्यांची गंमत आणि हाच धोका. लहान मूल घरात असेल तर झाकणाच्या डबीत, उंचावर ठेवा. डबी मात्र फराळाच्या डब्यांशेजारी नको.

पहिल्यांदाच करत असाल तर शंकरपाळ्यापासून सुरुवात करा. चौकोन कापला की काम झालं. मग करंजी, बत्तासा, लिमलेटची गोळी! पण करायला बसण्याआधी घडीभर डोळे मिटून आठवा, तुमच्या आईच्या वाट्याला कोणता खाऊ यायचा? तोच आधी करा.